खदानीवरची यादी

डिसेंबरातल्या एका सोमवारी मी सावंगीच्या दवाखान्यात किल्ली मागायला गेलो होतो. किल्ली साधीच, टिनाच्या शेडच्या कुलुपाची. ती केशव सरांच्या पाकिटात असायची, आणि सर तीन आठवड्यांपासून दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते. उजवं अंग गेलेलं. वाचाही गेली होती. आता आचल मॅडम म्हणून एक तरुण बाई रोज येऊन त्यांना चित्रं दाखवत आणि बोलायला शिकवत. तीन आठवड्यांत चार शब्द परत आले होते: पानी, चहा, बस आणि अनु. अनु म्हणजे अनुसयाकाकू, त्यांच्या पत्नी. काकूंनी भिंतीवर कॅलेंडरचं एक पान उलटं चिकटवून त्यावर ते चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

मला बघून सर "बस" म्हणाले. मी स्टुलावर बसलो. किल्लीचं बोललो तशी त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"एकटाच जाशीन का रे खदानीवर?" काकूंनी विचारलं.

"तास पुरे करा लागते, काकू. सोळा जानेवारी शेवटची तारीख हाय."

"ह्यायले पसंत नाई दिसत," त्या म्हणाल्या. पण उशीखालून पाकीट काढून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जा. तुह्या जिंदगीचा सवाल हाय."

सरांनी डोळे मिटून घेतले. मी त्याचा अर्थ मला सोयीचा तो लावला आणि उठलो.

वर्धा जिल्ह्यात बसून कुणी समुद्रातलं यंत्र चालवायला शिकतो, हे ऐकून लोक हसतात. माझे वडील, पुलगावचे हिरालाल कापडवाले, तर रोज हसायचे. "अबे, समुद्र कुठी, आपन कुठी! काऊन हे धंदे करून राह्यला? गादीवर बसाले लाज वाटते का?" मी दुकानाच्याच एका कोपऱ्यात मोबाइल दुरुस्त करायचो. तिथंच दोन वर्षांपूर्वी सर त्यांचा फोन घेऊन आले होते. तासभर माझे हात बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "पोहता येते का?"

"नाई."

"चालते. पान्यात यंत्र जाते, आपन नाई."

सरांनी तीस वर्षं संशोधनाच्या जहाजांवर काढली होती. समुद्राच्या तळाशी यंत्र उतरवायचं, कॅमेऱ्यातून बघायचं, चिमट्यानं माती-शंख उचलून आणायचे, आणि वर आलं की ते यंत्र खोलून, पुसून, पुन्हा जोडायचं. निवृत्त होऊन सावंगीला परतले तेव्हा किनाऱ्यावरच्या एका संस्थेनं शिकवण्यासाठी म्हणून एक जुनं यंत्र त्यांच्या हवाली केलं होतं. पिवळं, जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढं. सहा पंखे, दोन दिवे, एक कॅमेरा आणि मागून निघालेली ऐंशी मीटरची केबल. रोहण्याच्या रस्त्याला एक बंद पडलेली गिट्टीखदान आहे. हिवाळ्यात तिचं पाणी इतकं नितळ होतं, की दहा मीटरवरची सुरुंगाची भोकं मोजता येतात. काठावर क्रशरवाल्यांचं एक टिनाचं शेड उरलं होतं. तेच आमचं जहाज.

शेडमध्ये मी पडद्यासमोर बसायचो. माझ्या मागे, डाव्या हाताला, दारात सर बसायचे. केबल त्यांच्या मुठीतून जायची. यंत्र पुढे गेलं की ते ढील द्यायचे, मागे आलं की ओढून घ्यायचे. तंबाखू सोडल्यापासून तोंडात सदा लवंग. आणि यंत्र पाण्यात सोडण्याआधी रोज, न चुकता, यादी. सतरा कलमं. मी मोठ्यानं वाचायचं आणि सरांनी प्रत्यक्ष हात लावून उत्तर द्यायचं. जहाजावर लोक काय म्हणतात कोण जाणे, सर आपले "पाह्यलं" म्हणायचे.

"केबलचा जोड?"

"पाह्यलं."

"पंखे?"

"पाह्यलं."

नवव्या कलमाला, म्हणजे निर्वाताला, हातपंपानं यंत्राच्या बंद नळीतली हवा ओढून घ्यायची. काटा पंधरा मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर कुठेतरी फट आहे, आणि फट आहे तिथून पाणी शिरणार. झाकणाच्या रबरी कड्यावर एक केस राहिला तरी पुरे, लाखमोलाचं यंत्र बाद होतं. सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपल्या सवालाचं जबाब आपनच देवाचं नाई. जो स्वतःच इचारते अन् स्वतःच सांगते, तो पाहत नाई, नुसता हो म्हनते."

चाळीस तास पाण्याखाली चालवल्याचं चित्रण संस्थेला पाठवायचं होतं. तेवढं झालं की परीक्षा, आणि परीक्षा झाली की जहाजावर जागा. माझे एकोणतीस झाले होते. अकरा राहिले होते. ही संधी गेली तर पुढची कधी, हे कुणी सांगत नव्हतं. आणि ती गेली तर मी उरलेलं आयुष्य कापडाचे थान उलगडत आणि गुंडाळत काढणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. घरात माणसं भरपूर होती हो. पण या एका गोष्टीवर माझ्याशी बोलेल असं कुणी नव्हतं. एक होते, त्यांचीच वाचा गेली.

पहिल्या दिवशी एकटा गेलो. केबल शेडच्या लोखंडी खांबाला बांधली. यादी हातात घेतली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो. वाचायचो, उत्तरापुरता थांबायचो, मग स्वतः जाऊन हात लावून यायचो. उत्तर स्वतः द्यायचं नाही, हे डोक्यात इतकं बसलं होतं, की ती जागा मी मोकळीच ठेवली. दोन तास यंत्र चालवलं. खाली खडक, गाळ, एक गंजलेलं घमेलं. वर उन्हात खदान चिडीचूप. एवढ्या शांततेत दुपारी एक वाजताही माणसाला आपल्याच श्वासाचा आवाज नकोसा होतो. घरी जाताना मला रडू आलं, आणि ते कशासाठी हेही धड कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. यादी वाचत होतो.

"दिवे?"

थांबलो. बघून आलो.

"निर्वात?"

थांबलो.

"पाह्यलं."

मागून. डाव्या हाताला. लवंगेचा वास.

मी वळलो नाही. वळावं असं वाटलंच नाही. भीती वाटायला हवी होती, आणि अंगावर काटा आलाही, पण त्याच्या आधी मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. मी दहावं कलम वाचलं. उत्तर आलं. सतराही कलमं झाली. शेवटी वळून पाहिलं तर दारात ऊन होतं आणि सरांचं स्टूल रिकामं होतं.

संध्याकाळी सावंगीला गेलो. मला बघून सरांनी नुसता हात पुढे केला. स्टुलाकडे बोट दाखवलं.

"आज बस म्हनता नाई येऊन राह्यलं त्यायले," काकू म्हणाल्या. "सकाळी म्हनलतं. दुपारपासून बंद."

"होते असं कधीकधी," आचल मॅडम म्हणाल्या. "एखादा शब्द मागं जातो. परत येईल."

मी मान डोलावली. माझं अर्धं लक्ष अजून खदानीवर होतं.

तिसऱ्या दिवशी मी यादी वाचायला लागलो तेव्हा आवाज पहिल्या कलमापासूनच सोबत होता. मी जरा खुशीतच होतो. अकराव्या कलमाला मी विचारलं, "मागचं झाकण?"

"नाई."

मी थबकलो. झाकण मीच सकाळी बसवलं होतं. नवव्या कलमात काटाही हलला नव्हता. तरी उघडलं. रबरी कड्यावर, ग्रीसमध्ये रुतलेला, एक केस. पांढरा. माझे केस काळे आहेत. केस असताना काटा हलला कसा नाही, ते मला आजही सांगता येत नाही. कडं पुसलं, नव्यानं ग्रीस लावलं, झाकण बसवलं, हवा पुन्हा ओढून काटा बघितला, पुन्हा विचारलं.

"पाह्यलं," मागून उत्तर आलं, समाधानानं.

तो आवाज नसता तर यंत्र बुडालं असतं आणि सोबत मीही. त्या दिवसापासून त्या आवाजाशिवाय यंत्र पाण्यात सोडायची माझी हिंमत राहिली नाही. संध्याकाळी काकूंनी सांगितलं, चहा हा शब्दही गेला.

मग बॅटरी बिघडली. ती दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले, खदानीवर जाणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री काकूंचा फोन आला. आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. "चहा म्हनाले रे! सकाळ-संध्याकाळ, दोनदा! आता बसही म्हनतीन पाहाजो."

फोन ठेवला आणि मी पलंगावर बसून राहिलो. मी व्यापाऱ्याचा मुलगा आहे. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जातं, एवढं मला न शिकवता कळतं.

तरीही चौथ्या दिवशी मी गेलो. खात्री करायची म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. आवाज आला, नेहमीपेक्षा ठणठणीत. मी प्रत्येक उत्तराला दचकत होतो आणि पुढचं कलम वाचत होतो. त्या संध्याकाळी सरांचे चहा आणि पानी दोन्ही गेले होते. काकू वाटीतलं पाणी चमच्यानं त्यांच्या तोंडात सोडत होत्या. भिंतीवरच्या पानावर फक्त अनु हा शब्द खोडायचा राहिला होता.

"तू रोज येतं, त्यायच्यासंगं बोलतं," काकू मला म्हणाल्या, "तुह्यासमोर काही बोलते का रे ते?"

"नाई, काकू," मी म्हणालो.

सर माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे.

चार तास राहिले होते. तेव्हा थांबता आलं असतं. वाचणाऱ्याला वाटेल, थांबला का नाही हा माणूस? मी हिशेब असा केला, की तास संपले की खदान संपली. खदान संपली की सरांचे शब्द आपोआप परत येतील, मागे आले होते तसे. फक्त चार तास. पाचव्या दिवशी गेलो. आवाजानं सतरा वेळा उत्तर दिलं. दवाखान्यात मी गेलोच नाही.

त्या रात्री आधीच्या दिवसांचं चित्रण लावून बघितलं. चित्रासोबत शेडमधला आवाजही, यादीपासूनच, टिपला जायचा. माझा प्रश्न ऐकू येत होता. मग एका शब्दापुरती शांतता. मग माझा पुढचा प्रश्न. टिपलेलं काहीच नव्हतं. फक्त "नाई" आलं होतं त्या ठिकाणी, शांततेनंतर, मी घाबरून श्वास ओढल्याचं ऐकू येत होतं.

शेवटच्या दिवशी, नऊ जानेवारीला, मी एक शहाणपणा केला. यादी मोठ्यानं वाचायचीच नाही असं ठरवलं. विचारलं नाही तर उत्तर येणार नाही, आणि त्यांचा तो एक शब्द त्यांच्याजवळ राहील. मनातल्या मनात वाचलं, हात लावून बघितलं, पेन्सिलीनं खूण केली. पहिलं. दुसरं. नववं कलम मी तीनदा तपासलं. मागे काही नव्हतं. वासही नव्हता. सतराव्या कलमावर खूण करून मी निःश्वास टाकला आणि यंत्र पाण्यात सोडलं.

सहा मीटर. आठ मीटर. पडद्यावर हिरवट उजेड होता.

"अनु..."

मी यंत्र जागीच थांबवलं.

"अनु... कोठी हाय तू?"

सरांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. परक्या घरात झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. ते मला उत्तर देत नव्हते. मी तिथं आहे हेही त्यांना ठाऊक नसावं.

"अनु, आंधार काऊन हाय इथी... मी कोठी हाय?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी घड्याळात पाहिलं. दोन तास पाच मिनिटं बाकी होती. यंत्र वर घेतलं असतं, कुलूप लावलं असतं, सावंगीला धावलो असतो तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी असं केलं, की टेबलावरचे हेडफोन उचलले आणि कानांवर चढवले. पंख्यांची घरघर मोठी केली. आणि दोन तास पाच मिनिटं यंत्र चालवलं. चांगलं चालवलं. परीक्षकांनी नंतर त्याच चित्रणाचं कौतुक केलं.

हेडफोन काढले तेव्हा शेडमध्ये शांत होतं.

दवाखान्यात गेलो तर काकू खाटेशी बसल्या होत्या. रडून रडून थकलेल्या. सरांचे ओठ घट्ट मिटलेले होते, कुणी दाबून धरल्यासारखे. "साडेअकरापासून असंच हाय," काकू म्हणाल्या. "त्याच्या आंधी दोन-तीनदा मले आवाज देल्ला. मी इथीच होती रे, हात धरून होती, अन् ते मले शोधून राह्यले होते."

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि निघून आलो. सरांकडे बघायचं धाडस झालं नाही.

शब्द परत आले नाहीत. आठवडा गेला, महिना गेला. काकूंनी सरांना घरी नेलं. मी परीक्षा पास झालो. निघायच्या दिवशी वडील पुलगाव स्टेशनवर सोडायला आले आणि न हसता म्हणाले, "जपून राह्यजो." मी काकूंना निरोपाचा फोनसुद्धा केला नाही.

मार्चमध्ये आमचं जहाज बंदरात उभं होतं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, म्हणून धक्क्याला लागूनच यंत्र उतरवून बघायचं ठरलं. माझा जोडीदार धर्मेंद्र, यवतमाळचा, माझ्याच वयाचा. आपल्याकडचा माणूस मिळाला म्हणून मी खूश होतो. आठवडाभर रोज अकराच्या सुमाराला आमचा सराव चालायचा: तो यादी वाचायचा, मी उत्तर द्यायचो. मीही पाह्यलं म्हणायला लागलो होतो, नकळत. सकाळचे अकरा वाजले होते. आठवं कलम झालं आणि माझा फोन वाजला. काकूंचं नाव होतं. मी धर्मेंद्रला हातानं थांब म्हटलं.

"योगेंद्र!" काकू हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "बोलाले लागले रे! आठ दिवसांपासून बोलून राह्यले. तुले सांगीन सांगीन म्हनत होती."

मी रेलिंगला टेकलो. "काय... काय म्हनते, काकू?"

"एकच शबद. रोज याच वक्ताले. पाह्यलं, पाह्यलं, असं सतरा-अठरा डाव म्हनते, अन् मंग झोपते. आजही सुरू केलं आत्ता, म्हनून तुले फोन लावला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पन एक सांगू का? आवाज त्यायचा नाई रे. तुहा हाय. आंगनातून आयकलं त मले वाटलं, तूच आला."

शेजारी धर्मेंद्रचा धीर संपला होता.

"नववं," त्यानं वाचलं. "निर्वात?"

मी काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता.

"पाह्यलं," मी म्हणालो.

"पाह्यलं," फोनमध्ये, काकूंच्या मागून, खाटेवरून, माझा आवाज आला.

"आयकलं का? आता आयकलं का?" काकू आनंदानं विचारत होत्या.

धर्मेंद्र कागदावर पेन्सिल टेकवून माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"काऊन रे," तो म्हणाला, "नुसते ओठ हालवून राह्यला? उत्तर दे ना."